अस्वल-सहल, पावसाळ्यातली: २२ मुलं, दोन तास, एक सभागृह

२८ जून २०२५, शनिवार

ठरलं ते असं: २६ जुलैला, शनिवारी संध्याकाळी ४ ते ६, सोसायटीच्या सभागृहात ३ ते ६ वर्षांच्या २२ मुलांची अस्वल-सहल. प्रत्येकानं घरचं एक अस्वल आणायचं, त्याच्याबरोबर खेळायचं आणि जाताना स्वतः बनवलेलं दुसरं अस्वल घेऊन जायचं. मोठी माणसं सहा. ठाण्यात जुलैअखेर बागेचा भरवसा धरण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं आतच धरलं. सभागृह साधारण ९ मीटर बाय ६ मीटर आहे आणि फरशी गुळगुळीत. फरशीचा मुद्दा तेव्हा डोक्यात आला नाही, पुढे नडला.

निरोपात तीन गोष्टी विचारल्या. घरी मऊ खेळण्यातलं अस्वल आहे का, खाण्यातलं काही सोसत नाही का, आणि धाकटं भावंड बरोबर येणार का. उत्तरं आली: चार मुलांकडे अस्वल नाही, एकाला शेंगदाणा चालत नाही, दोन वर्षांखालची तीन भावंडं येणार. ही तीन उत्तरं मिळाली नसती तर खरेदी पूर्ण चुकली असती. अस्वल नसलेल्यांना ‘ससा, हत्ती, काहीही मऊ आणा’ असं कळवलं आणि वर पाच जादा अस्वलं आमच्याकडे ठेवायचं ठरलं.

२९ जून, रविवार

रांगती भावंडं येणार म्हटल्यावर सामानाची यादी चाळली. नियम एकच ठेवला: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार पडतं, ते मुलांच्या हाताशी सुटं ठेवायचं नाही. खेळण्यांची सुरक्षा तपासताना लहान तुकड्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. घरची नळी ४ सेंमीच्या आसपास असते, म्हणजे आपली चाळणी त्याहून कडक.

यादीतून गेलं ते: बटणं, हलते डोळे, मणी, लोकरीचे छोटे गोंडे, रबरबँड. फुगेही काढले, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर नळीत बसतो की नाही याला काही महत्त्व उरत नाही. सजावट त्यामुळे उघडी पडणार होती. तिथे जुन्या तपकिरी साडीच्या झालरी लावायच्या.

३ जुलै, गुरुवार

कागदी ताटलीचे मुखवटे करून पाहिले. पहिल्या प्रयत्नात तिन्ही बाजूंनी फसलो.

१८ सेंमीच्या ताटल्यांना तपकिरी पोस्टर रंग दिला. एकाच बाजूला पाणी लागल्यामुळे कागद त्या बाजूनं फुगला, वाळताना आखडला आणि ताटली वाटीसारखी वळली. वाळायला साडेतीन तास लागले, तेही पंख्याखाली. या हवेत मुलांनी रंगवायचं आणि त्याच दिवशी घालायचं हे जमणार नाही.

डोळ्यांची भोकं आम्ही मोठ्यांच्या अंदाजानं ६.५ सेंमी अंतरावर पाडली होती. चार वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर पाच सेंमीच्या जवळपास असतं, त्यामुळे त्याला एका वेळी एकाच डोळ्यानं दिसत होतं. ते दुरुस्त केलं तरी बाजूचं काही दिसत नाही, आणि अशा मुलांना आपण धावायला सांगणार.

तिसरं म्हणजे बारीक इलॅस्टिक केसांत अडकतं. चाचणीला आलेल्या तीन वर्षांच्या दोन मुलांनी चेहऱ्यावर काही घालूनच घेतलं नाही.

मुखवटा रद्द. ५० ताटल्या, रंग आणि इलॅस्टिक मिळून ३१० रुपये आणि एक संध्याकाळ गेली.

५ जुलै, शनिवार

मुखवट्याच्या जागी कानांची पट्टी. ही पहिल्याच झटक्यात चालली, म्हणून मापं नीट लिहून ठेवतो.

तपकिरी कार्डशीटची ४ सेंमी रुंद, ५६ सेंमी लांब पट्टी. या वयात डोक्याचा घेर बहुतेक ४९ ते ५२ सेंमी भरतो, उरलेली लांबी एकमेकांवर चढवायला. कान ७ सेंमी उंच, खाली २ सेंमीची जीभ ठेवून कापायचे आणि जीभ पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवायची. दोन कानांमध्ये १० सेंमी अंतर. कमी ठेवलं तर ससा दिसतो.

पट्टी आधीच जोडून ठेवू नका. मूल आल्यावर डोक्याला गुंडाळायची, एक बोट आत जाईल इतकी सैल ठेवायची आणि मास्किंग टेपनं जोडायची. स्टेपलरची पिन टोचते आणि टेपसारखी पुन्हा सैल करता येत नाही.

चिकटवायला काय, यावर वेळ गेला. फेविकॉल मुलं सढळ हातानं घेतात, कार्डशीट ओली होते आणि कान घसरत खाली येतो. गव्हाच्या पिठाची खळ करून पाहिली, दुसऱ्या दिवशी आंबट वास. शेवटी ग्लू स्टिक. मुलांनी करायचं काम एवढंच: क्रीम रंगाचा कागद हातानं फाडून कानाच्या आत चिकटवायचा. फाडणं तीन वर्षांच्या मुलालाही येतं आणि कडा वेड्यावाकड्या आल्या तर कान जास्त केसाळ दिसतात.

१२ जुलै, शनिवार

मोज्याचं अस्वल. या सगळ्या खटाटोपातलं मुख्य काम हेच.

साहित्य: पुरुषांचा जाड सुती मोजा (पोटरीपर्यंतचा), उशीत भरतात ते फायबर, गोधडीचा जाड दोरा, रिबीन, फेल्टचं कापड, कायम टिकणारा मार्कर. पहिल्या विचारात भरायला तांदूळ होता, कारण त्यानं अस्वल छान बसतं. पण शिवण उसवली तर सगळीकडे दाणे, आणि पावसाळ्यात तांदळात टोके पडतात. सावरीचा कापूस हवेत उडतो आणि मुलांच्या नाकात जातो. फायबर बरं.

कृती: मोज्याची बोटांकडची बाजू म्हणजे डोकं. त्यात १५ ग्रॅम फायबर, सात सेंमीवर दोरा गुंडाळून मान. पुढे टाचेपर्यंत ३० ग्रॅम, म्हणजे पोट. टाचेच्या खाली निरगाठ, तिच्यापुढे ३ सेंमी ठेवून बाकी मोजा कापून टाकायचा. टाच मागे आणि खाली आली पाहिजे, तिच्या फुगवट्यावर अस्वल बसतं. पहिली दोन अस्वलं टाच पुढे ठेवून केली, ती तोंडावर पडत राहिली.

कानांसाठी बोटांकडच्या शिवणीची दोन टोकं चिमटीत धरून प्रत्येकी दोरा गुंडाळायचा. शिवणीच्या टोकाला कापड जाड असतं, म्हणून दोरा घसरत नाही. आम्ही सुरुवातीला शिवण सोडून मधलं कापड धरलं होतं. कान दहा मिनिटांत सुटले.

पाच मुलांबरोबर करून पाहिलं. एका अस्वलाला १४ मिनिटं लागली, त्यातली ९ मिनिटं मूल नुसतं बघत उभं. गाठी सगळ्या मोठ्यांनाच माराव्या लागतात. २२ अस्वलं, प्रत्येकी चार गाठी, चार माणसं टेबलावर. अर्धा तास मुलं रांगेत उभी राहणार, आणि या वयाची मुलं रांगेत पाच मिनिटंही टिकत नाहीत.

आणखी एक. भरायला सुट दिली की मुलं भरतच राहतात. डोकं इतकं ताणलं गेलं की विणीतून पांढरं फायबर दिसू लागलं.

१३ जुलै, रविवार

कालचं काम उलट बाजूनं मांडलं: मुलाला नेमकं काय आवडलं? भरणं, चेहरा काढणं, रिबीन निवडणं. एवढं त्याच्याकडे ठेवायचं, बाकी सगळं घरून करून न्यायचं.

म्हणजे डोकं भरलेलं, कान आणि मान बांधलेली, नाक टाचलेलं, असं अर्धं अस्वल आधी तयार. मुलाच्या हातात रिकामं पोट आणि ३० ग्रॅम फायबर मोजून भरलेला एक वाडगा. वाडगा संपला की पोट भरलं, त्यामुळे जास्त भरण्याचा प्रश्न मिटला. मोठ्या माणसाकडे एकच गाठ उरली, खालची. तिला ४० सेकंद लागतात. मोज्याचं तोंड मुलाला उघडं धरता येत नाही, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पेल्याच्या काठावर उलटवून लावायचं. पेला टेबलावर, मोजा आत लोंबतो, मूल दोन्ही हातांनी भरतं.

अर्धं अस्वल तयार करायला घरी प्रत्येकी ११ मिनिटं. २४ नगांना (दोन जादा) जवळजवळ साडेचार तास. हा वेळ आधीच धरून चाला.

बाजारात तपकिरी मोजे १४च मिळाले, बाकी दहा काळे घ्यावे लागले. आधी वाईट वाटलं, पण काळं अस्वल तर आपल्याच जंगलातलं. ताडोबात, मेळघाटात असतं ते. त्याच्या छातीवर पांढरट पट्टा असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि तोंडाचा पुढचा भाग फिकट. काळ्या कापडावर मार्कर दिसत नव्हता तो प्रश्नही यातूनच सुटला: क्रीम फेल्टचा लंबगोल तोंडाला, दोन गोल डोळ्यांना, एक पट्टा छातीला, सगळं चार-चार टाक्यांनी शिवलेलं. मुलानं फक्त बुबुळं आणि तोंडाची रेघ काढायची. दोन्ही रंगांची अस्वलं शेजारी ठेवल्यावर काळी जास्त देखणी दिसतात असं आमचं मत आहे.

मार्कर कापडावर टेकवून ठेवला तर शाई पसरून डोळा एक सेंमीचा होतो. ‘टिंब दे, उचल’ असं दोनदा कागदावर करून घ्यायचं, मग अस्वलावर.

१९ जुलै, शनिवार

खेळांची रंगीत तालीम, सहा मुलं.

*मामाचं पत्र.* रुमालाऐवजी अस्वल, आणि ओळ ‘अस्वलाचं पोर हरवलं, ते मला सापडलं’. मुलांना खेळ माहीत होता, समजावण्यात वेळ गेला नाही. मात्र बाहेरून ओल्या पायांनी आलेली दोन मुलं पळताना फरशीवर घसरली. सतरंजी अंथरली तर सतरंजीच सरकली. आता नियम असा: पळायचं नाही, अस्वलासारखं चार पायांवर जायचं. वेग आपोआप उतरतो, पडलं तरी उंचीवरून पडत नाही, आणि तीन वर्षांचं मूल पाच वर्षांच्या मुलाला गाठू शकतं. सतरंजीच्या चारी कडा चिकटपट्टीनं फरशीला लावायच्या, दाराशी पायपुसणं आणि एक जुना टॉवेल. एका रिंगणात सातपेक्षा जास्त मुलं घेऊ नका, नाहीतर पाळी येईपर्यंत निम्मी उठून जातात.

*संगीत खुर्ची.* बाद झालेलं पहिलं मूल रडलं, दुसरं त्याच्याकडे बघून. खुर्च्या काढल्या. गाणं थांबलं की आपलं अस्वल पोटाशी धरून खाली बसायचं, कोणी बाद नाही. पुढच्या वेळी अस्वल डोक्यावर, मग पायावर. याच खेळाला मुलांनी सर्वांत जास्त वेळा ‘पुन्हा’ म्हटलं.

*झेप.* दुहेरी पलंगाची चादर कडांनी धरून अस्वलं उडवायची. चादरीचा घेर साधारण साडेनऊ मीटर. एका मुलाला ६० सेंमी धरली तर १५ मुलं मावतात, २२ नाहीत. दुसरी तेवढी मोठी चादर नव्हती, म्हणून साडी आणली. पाचवारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद. उडवायला ती अगदीच अरुंद, अस्वल दर वेळी बाजूनं बाहेर. पण दोन्ही लांब कडांना मुलं उभी करून एका टोकाकडून क्रमानं हात वर नेले की अस्वल घरंगळत दुसऱ्या टोकाला जातं. एका बाजूला नऊ, दोन्हीकडे मिळून १८ मुलं. सिंथेटिक साडी घ्या. सुतीवर मोज्याचं आणि केसाळ खेळणं अडून बसतं. आधी सुती घेऊन पंधरा मिनिटं घालवली.

*नाक लावा.* भिंतीवर मोठं अस्वल, डोळे बांधून नाक चिकटवायचं. सहापैकी चार मुलांनी डोळे बांधून घेतले नाहीत. हाच खेळ डोळे मिटून. उघडून बघितलं तर बघू द्यावं.

२० जुलै, रविवार

पाठुंगळीची शर्यत. आपल्याकडच्या अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते, त्यावरून हा खेळ: अस्वल पाठीवर, चार पायांवर चार मीटर जायचं आणि परत. काल ओढणीनं बांधून पाहिलं. बांधायला एका मुलामागे दोन मिनिटं आणि अर्ध्या वाटेत अस्वल पोटाखाली. आज ४ सेंमी रुंद इलॅस्टिकची ५० सेंमी घेराची गोल पट्टी शिवली. पट्टी काखेखालून छातीभोवती, अस्वल तिच्यात खोचायचं, दहा सेकंदांत तयार. गळ्याभोवती काहीही बांधायचं नाही, हे मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगा. अशा आठ पट्ट्या पुरतात.

गोष्टीची दहा मिनिटं कार्यक्रमातून काढली. टेडी हे नाव कसं पडलं ते सांगायचं होतं: नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र आलं आणि त्यातून खेळणं निघालं. तालमीत पाच वर्षांच्या मुलीनं लगेच विचारलं, मग त्या अस्वलाचं काय झालं. ते जखमी होतं आणि रूझवेल्टनीच त्याला मारून यातनांतून सोडवायला सांगितलं होतं. ते या वयाला सांगायचं नाही, आणि खोटंही सांगायचं नाही.

२३ जुलै, बुधवार

खाऊ. परवापासून श्रावण लागतो, त्यामुळे बिनअंड्याचंच हवं, शेंगदाणाही नको. नाचणीची गोड धिरडी ठरली, रंग आपसूक अस्वलाचा. दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी कणीक, एक वाटी गूळ पाण्यात विरघळवून, दोन पिकलेली केळी कुस्करून, चिमूटभर मीठ. पळीनं एक मोठा गोल, त्याला चिकटून वर दोन छोटे.

केळ्याशिवायची पहिली धिरडी तासाभरात चामट झाली. आच मोठी असेल तर गूळ करपून कडवट लागतो, म्हणून तवा मंद. डब्यात खाली-वर सुती फडकं घातलं की वाफेचं पाणी धिरड्यांवर पडत नाही. चेहरा वाढताना करायचा: केळ्याची चकती तोंडाला, मनुकेचे अर्धे तुकडे डोळ्यांना. धाकट्या भावंडांच्या ताटलीत मनुका नाही. मध वगळला, कारण वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात द्यायचा नसतो आणि कोण कुणाला भरवेल याचा नेम नाही.

२५ जुलै, शुक्रवार

२४ अर्धी अस्वलं, २४ कानांचे संच, ३० ग्रॅमचे २४ वाडगे (द्रोण घेतले), नावाच्या ४४ पट्ट्या. नावपट्टी आणलेल्या अस्वलाच्या हाताला रिबिनीनं बांधायची, सेफ्टी पिन नाही. मुलाचं नाव एका बाजूला, इमारत आणि खोली दुसऱ्या.

२६ जुलै, शनिवार

*४.००–४.२५.* मुलं २५ मिनिटं येतच राहिली. दाराजवळ ‘अस्वल तपासणी’ मांडली होती: स्वयंपाकघरातला वजनकाटा, टेप, क्रेप बँडेजचे तुकडे. आलेल्या प्रत्येक अस्वलाचं वजन आणि उंची कार्डावर लिहायची, दुखत असेल तिथे बँडेज. नावपट्टीही इथेच. लवकर आलेलं एकही मूल कंटाळलं नाही. दुसरं काही जमलं नाही तरी हे टेबल ठेवाच.

*४.२५–४.५०.* तीन गटांत खेळ. गाणं आणि अस्वल, मामाचं पत्र, पाठुंगळी. दर आठ मिनिटांनी गट बदलायचा होता. पाठुंगळीचा गट हलायला तयार नव्हता, तिथे चार मिनिटं जास्त गेली.

*४.५०–५.२५.* अस्वल भरणं आणि कान. भरण्याच्या टेबलावर एका वेळी सहा मुलं, बाकीची कानांवर. खालची गाठ मारायला दोन माणसं ठेवली होती, ती कमी पडली. सहाजण एकदम ‘झालं’ म्हणून उठतात. तीन हवी होती. दोन गाठी घाईत सुरगाठीसारख्या पडल्या आणि पोट सुटलं. थांबलेल्यांसाठी ठशांचं टेबल होतं: तपकिरी शाईत अंगठा म्हणजे तोंड, करंगळी दोनदा म्हणजे कान. त्यानं तारून नेलं.

काळ्या अस्वलांवरून थोडी ओढाताण झाली, अकरा मुलांना काळंच हवं होतं आणि होती दहा. पुढच्या वेळी निम्मी-निम्मी.

*५.२५–५.४०.* साडी. दिवसाचा सर्वांत मोठा आरडाओरडा. एका टोकाला मोठं माणूस झेल घ्यायला उभं हवं, नाहीतर अस्वल फरशीवर जातं आणि त्याचा मालक साडी सोडून धावतो.

*५.४०–६.१०.* खाऊ, आणि नाक लावणं ज्याला हवं त्याला. ७० धिरड्यांतली १२ उरली.

२७ जुलै, रविवार

हिशेब. मोजे १४ जोड ५६० रुपये, फायबर दीड किलो ३३०, कार्डशीट १८०, मार्कर १००, फेल्ट ८०, रिबीन ६०, रुंद इलॅस्टिक ६०. बेरीज १,३७०. मुखवट्यात वाया ३१०. खाऊ ७४०. एकूण २,४२० रुपये, मुलामागे ११०. वेळ: तयारी सहा जणांची मिळून ३१ तास, त्यातले सहा मुखवटे आणि न चाललेल्या गाठींत गेले.

सुटलेली दोन अस्वलं आज पुन्हा बांधून दिली. यापुढे मोज्याचं तोंड गाठीवर न सोडता आत दुमडून धावदोऱ्यानं शिवायचं आहे. जाड दोरा आणि लांब टाके घेतले तर प्रत्येकी दीड मिनिट. मूल भरून देईल, शिवण शेजारच्या टेबलावर होईल, आणि तोवर मूल कानांकडे जाईल.

एक घरचं अस्वल सभागृहात राहिलं होतं. पट्टीवर खोली क्रमांक होता, रात्री आठच्या आत पोचलं.